चेकला दोन सह्या लागतात, दप्तराला एकही नाही : कार्यकारिणीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्याच्या सभेत मी बोलायला उभा राहिलो तेव्हा घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते, विषय तापला होता आणि मला दोन वाक्यांच्या पुढे जाता आलं नाही. म्हणून लिहितो आहे. खुलं पत्र लिहितो आहे, कारण हा प्रश्न एकट्या आपल्या संस्थेचा नाही. बडोद्यात मराठी माणसांची किती मंडळं आहेत ते आपल्याला ठाऊकच आहे. रावपुऱ्यापासून दांडिया बाजारापर्यंत कुठल्याही गणेशोत्सव मंडळाच्या, भजनी मंडळाच्या, वाचनालयाच्या कार्यालयात जा, कोपऱ्यात एक संगणक असतो, त्यावर एक शेअर्ड फोल्डर असतो आणि तो सगळ्यांना सताड उघडा असतो. त्यांच्याही कानावर हे जावं. आपल्या संस्थेचं नाव मात्र मी मुद्दाम घातलेलं नाही.

सभेत इतिवृत्ताच्या दोन वह्यांचं स्कॅन उडाल्याची चर्चा झाली. दीड तास झाली, आणि त्यातला सव्वा तास ‘कोणी उडवलं’ यावर गेला. शेवटी बोट एका मुलीकडे वळलं. ती कॉलेजात शिकते, रविवारची सुट्टी आपल्या दप्तराला, म्हणजे संस्थेच्या जुन्या कागदपत्रांना देते. घरी मराठी, शाळा सगळी गुजराती माध्यमाची, त्यामुळे जुनं हस्ताक्षर तिला अडखळत वाचावं लागायचं, पण दोन वर्षांत ती इतकी सरावली की कुठल्या कार्यवाहाचं अक्षर कोणतं हे ती आपल्यापेक्षा लवकर सांगते. सभेत ती काही बोलली नाही. त्यानंतरच्या चारही रविवारी आली नाही. तिचं आणि माझं नातं काही नाही. पण मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं फाइल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइल्स ठेवणारा मुख्य संगणक सांभाळला. त्या अनुभवावरून सांगतो की चूक त्या मुलीच्या हाताची नाही. जे घडायला आपण स्वतः दार उघडं ठेवलं होतं, तेच घडलं.

काय घडलं ते मी त्या संगणकावर बसून, सगळ्यांना विचारून पुन्हा जुळवलं आहे. कुणीतरी लॅपटॉपवरून फोल्डर उघडत असताना बोट टचपॅडवर जरा जास्त वेळ टेकलं आणि ‘इतिवृत्त’ हे फोल्डर सरकून शेजारच्या ‘निवडक फोटो’ फोल्डरच्या पोटात गेलं. एकाच शेअरमध्ये ओढलं की कॉपी होत नाही, मूळ वस्तूच हलते. विंडोज त्याआधी काही विचारतही नाही. हे कोणी केलं ते आजही सांगता येत नाही, कारण आपण सगळे एकाच नावाने, एकाच पासवर्डने लॉगिन करतो आणि तो पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला आहे. पुढे दोन-तीन आठवड्यांनी ही मुलगी फोटो आवरायला बसली. फोटोंमध्ये तिला इतिवृत्ताचं फोल्डर दिसलं. तिला वाटलं, कोणीतरी चुकून इथे जास्तीची कॉपी टाकलेली दिसते, मूळ जागेवर मूळ असणारच. तिने डिलीट केलं. ‘कायमचं काढायचं का’ असं विंडोजने विचारलं, तिने हो म्हटलं. आपल्यापैकी कोणीही हेच केलं असतं.

आणि इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. स्वतःच्या संगणकावरची फाइल उडवली तर ती रीसायकल बिनमध्ये जाते, परत काढता येते. नेटवर्कवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकाच्या शेअर्ड फोल्डरमधली फाइल उडवली तर ती बिनमध्ये जात नाही. ना आपल्या, ना त्या संगणकाच्या. ती सरळ जाते. फाइल परत मिळवून देणारी सॉफ्टवेअरं मी चालवून पाहिली. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर काही मिळण्याची आशा असते, कारण त्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तसाच पडून असतो. आपण मागच्या वर्षी वेगासाठी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपची डिस्क बसवली. एसएसडीत रिकामी झालेली जागा यंत्र आपणहून पुसून ठेवतं. हाती काही लागलं नाही.

बाकीच्या वह्यांचं स्कॅन बचावलं, कारण स्कॅन करणाऱ्या काकांच्या पेन ड्राइव्हमध्ये त्यांची प्रत होती. गेल्या त्या शेवटी स्कॅन झालेल्या दोन. त्या शेवटी का झाल्या, हे नव्या सदस्यांना कदाचित ठाऊक नसेल. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आपल्या तळमजल्याच्या कपाटाचा खालचा कप्पा भिजला. या दोन वह्या त्या कप्प्यात होत्या. पंख्याखाली पानं एकेक करून सुकवली, जी सुटली ती स्कॅन केली, जी सुटली नाहीत त्यांचा लगदाच झाला होता. पुढे बुरशी धरली, इतर कागदांना लागेल म्हणून वह्या टाकून द्याव्या लागल्या. म्हणजे स्कॅन हीच मूळ प्रत होती. त्या स्कॅनच्या मागे कागद उरलेला नव्हता.

त्या वह्यांत काय होतं, हे मी सांगायला हवं, कारण सुकवताना त्यातली पुष्कळ पानं माझ्या हाताखालून गेली. एकोणीसशे अठ्ठेचाळीस-एकोणपन्नासपासून साठपर्यंतचा तो काळ. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १ मे १९६० रोजी गुजरात वेगळं झालं. या अकरा वर्षांत बडोद्यातल्या मराठी माणसापुढे कोणते प्रश्न उभे होते ते त्या वह्यांत त्याच्याच शब्दांत होतं: मुलांना कोणत्या माध्यमात घालायचं, नोकरीला गुजराती लिहिता यावी म्हणून संध्याकाळचे वर्ग काढायचे का, संस्थेच्या जाहिराती दोन्ही भाषांत छापायच्या का. एका सभेत कोणीतरी म्हटलं होतं की आपण इथे पाहुणे नाही, आणि त्यावर बराच वाद झाल्याची नोंद होती. शब्द मला पूर्ण आठवत नाहीत. आठवत असते तरी माझी आठवण म्हणजे काही पुरावा नाही. हा इतिहास कुठल्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही, तो तिथे कधी लिहिलाच गेला नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. फोल्डर शेअर करताना आपण ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ दिला होता. घाईत सगळेच देतात, कारण तो दिला की कोणाचीच तक्रार येत नाही. पण ‘फुल कंट्रोल’ म्हणजे वाचणं, लिहिणं, उडवणं, वर दुसऱ्याचे हक्क बदलणंसुद्धा. पाहुण्याला चहा द्यायचा म्हणून आपण त्याला घराचं खरेदीखत हातात देत नाही.

विंडोजमध्ये परमिशन, म्हणजे हे हक्क, दोन ठिकाणी लागतात आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. एक शेअरची परमिशन, दुसरी फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमधली. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि त्यातली जी जास्त कडक ती चालते. पण जो प्रत्यक्ष त्या संगणकासमोर बसला आहे त्याला शेअरची परमिशन लागूच होत नाही. त्याच्यासाठी फक्त सिक्युरिटी टॅब. सभेनंतर घाईघाईने शेअरवर ‘रीड’ लावलं गेलं, हेतू चांगला होता. पण दप्तराच्या खोलीत बसणारा प्रत्येक जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन होतो, त्याला त्या बदलाने काहीच फरक पडलेला नाही. मी तपासून पाहिलं. एक रिकामी फाइल केली, समोर बसून उडवली, उडाली.

दुसरी गफलत ‘डिलीट’ या शब्दाची. पुष्कळांना वाटतं, फाइलवरचा डिलीटचा हक्क काढला की काम झालं. तसं नाही. फाइल उडवायला दोन वाटा आहेत. एक, त्या फाइलवरचा ‘डिलीट’. दुसरी, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवरचा ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’. यातला कोणताही एक असला तरी फाइल जाते. ‘मॉडिफाय’ या फुल कंट्रोलच्या खालच्या पायरीत पहिला येतो, दुसरा येत नाही. ‘फुल कंट्रोल’मध्ये दोन्ही येतात. म्हणून मी म्हणतो की फुल कंट्रोल आधी काढा, बाकीचं मग बघू. विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या, नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यात तर फाइल उडवण्याचा हक्क फाइलवर नसतोच, तो फोल्डरवर लिहिण्याच्या हक्कातून येतो. ज्या मंडळांनी तसली पेटी घेतली आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग सगळ्या फोल्डरवरूनच डिलीट काढून टाकायचं का? कोशाध्यक्षांनी तसं सुचवलं आहे. तसं केलं तर आठवड्याभरात काम थांबेल, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. वर्ड आणि एक्सेल सेव्ह करताना जुन्या फाइलवरच लिहीत नाहीत. बाजूला एक तात्पुरती फाइल तयार करतात, तिच्यात सगळं उतरवतात, मग जुनी काढून नवीला तिचं नाव देतात. डिलीट नसलं तर सेव्ह अडतं आणि फोल्डरभर विचित्र नावांच्या तात्पुरत्या फाइल्स साचतात. नाव बदलायलाही डिलीटचा हक्क लागतो, कारण विंडोजच्या हिशेबात नाव बदलणं म्हणजे जुन्या नावाने ती फाइल नाहीशी होणं. फोल्डर दुसरीकडे हलवायलाही तोच हक्क लागतो. आपला अपघात नेमका तिथेच सुरू झाला. ओढताना डिलीटचा हक्क नसता तर फोल्डर सरकलंच नसतं, आणि ओढणाऱ्याला तिथल्या तिथे सूचना दिसली असती.

म्हणून कारखान्यात जे केलं तेच इथे करावं अशी माझी विनंती आहे. एका फोल्डरची तीन फोल्डर करा. नावं आपलीच ठेवू: आवक, काम, दप्तर. ‘आवक’मध्ये कार्यकर्त्यांनी स्कॅन, फोटो, अहवाल आणून टाकायचे. ‘काम’मध्ये चालू वर्षाचे हिशेब, निमंत्रणपत्रिका, गणेशोत्सवाच्या याद्या. इथे कार्यकर्त्यांना ‘मॉडिफाय’ द्यायचं, म्हणजे वर्ड-एक्सेल नीट चालतील. उडालं तरी ते आठवड्यातलं काम असेल, पुन्हा करता येईल. आणि ‘दप्तर’ सगळ्यांना वाचायला खुलं, लिहायला बंद. फक्त दोन माणसांना तिथे भर घालता येईल. त्यांना मी दप्तरदार म्हणतो, शब्द जुना आहे आणि काम तेच आहे.

‘दप्तर’मध्ये ‘राइट’ देऊन फक्त डिलीट काढून ठेवायचा मोह होईल. तो टाळा. लिहिण्याचा हक्क असलेला माणूस फाइल न उडवता ती उघडून आतलं सगळं पुसून सेव्ह करू शकतो. नाव तेच राहतं, आत काही नसतं, आणि कोणाला वर्षभर कळतही नाही. पूर्ण झालेल्या वस्तूला फक्त ‘रीड’.

थोडे बारकावे आहेत, ते इथेच लिहून ठेवतो म्हणजे पुढे कोणाला अडायला नको. ‘दप्तर’ फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड असं जाऊन आधी वरच्या फोल्डरकडून खाली येणारा वारसा तोडायचा, नाहीतर वरचा सैल हक्क खाली झिरपत राहतो. ‘एव्हरीवन’ काढल्यावर ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ही बघायचे. विंडोज डी ड्राइव्हसारख्या डेटा ड्राइव्हवर त्यांना मुळातच ‘मॉडिफाय’ देऊन ठेवतं, आणि ‘एव्हरीवन’ काढून निर्धास्त झालेले लोक इथे फसतात. ‘डिनाय’चे चौकोन शक्यतो वापरू नका. एकच माणूस दोन गटांत असला की ‘डिनाय’ त्याच्या दुसऱ्या गटातल्या हक्कावर मात करतो, आणि मग दप्तरदारच बाहेर राहतो. हक्क न देणं पुरेसं असतं. दप्तरदाराने ‘आवक’मधून वस्तू आणताना कट करू नये, कॉपी करावी. कॉपी केली की ती नव्या फोल्डरचे हक्क घेते आणि मालकही कॉपी करणारा होतो. मूळ टाकणाऱ्याकडे मालकी राहिली तर मालकाला स्वतःच्या फाइलचे हक्क केव्हाही बदलता येतात. आणि बॅकअपची बाहेरची डिस्क पाहून घ्या. ती एक्सफॅट फॉरमॅटची असेल तर तिच्यावर परमिशन नावाची वस्तूच नसते, सिक्युरिटी टॅबच दिसत नाही. तिचं फॉरमॅट एनटीएफएस करावं लागेल.

हे सगळं करायला नवीन सॉफ्टवेअर लागत नाही, एक रुपया खर्च नाही. लागतात ती प्रत्येकाची वेगळी लॉगिनं. मॉनिटरवरची चिठ्ठी काढावी लागेल. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं रोजच्या वापरातून बाजूला ठेवावं लागेल, कारण ॲडमिनिस्ट्रेटरला अडवणारं कुलूप नसतं.

सभेत एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “आपलीच माणसं आहेत, त्यांच्यावर पहारा बसवायचा का?” मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे आणि त्यांचा हा प्रश्न मला आजवर सुचलेल्या सगळ्या तांत्रिक प्रश्नांपेक्षा मोठा वाटतो. माझं उत्तर असं. संस्थेच्या बँक खात्यावर दोन सह्या लागतात. अध्यक्षांची आणि कोशाध्यक्षांची. आपल्या संस्थेत इतक्या वर्षांत एकाही कोशाध्यक्षाला यात अपमान वाटला नाही. उलट, जी माणसं हिशेबाला चोख होती ती दुसऱ्या सहीचा आग्रह धरायची, कारण त्या सहीने त्यांचंच रक्षण व्हायचं. उद्या रक्कम चुकली तर एकट्यावर येऊ नये म्हणून. दप्तरालाही तेच लागू आहे. परवा त्या मुलीच्या हातात डिलीटचा हक्कच नसता तर तिला स्क्रीनवर एक सूचना दिसली असती, तिने कोणाला तरी विचारलं असतं, ‘अरे, हे इथे कसं आलं?’ म्हणत आपण फोल्डर जागेवर ठेवलं असतं, आणि सभेत हा विषय निघालाच नसता. तिच्यावर पहारा नव्हता, आणि म्हणूनच सगळं तिच्यावर आलं.

दुसरी सूचना आली ती याच्या अगदी उलट: सगळं फोल्डर बंद करून चावी फक्त कार्यवाहांकडे द्यायची. मला ही सूचना पहिलीइतकीच धोक्याची वाटते. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, त्या शहरातल्या संस्थेने आपलंच दप्तर आपल्याच सभासदांना बंद करावं, हे मला पटत नाही. आणि व्यवहार म्हणूनही ते चालणार नाही. कार्यवाह बाहेरगावी असले की लोक पेन ड्राइव्हवर प्रती नेतील, व्हॉट्सॲपवर पाठवतील, मग ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरी फायनल’ अशा चार फाइल्स चार घरांत राहतील आणि त्यांतली कोणती खरी हे कोणालाच सांगता येणार नाही. वाचणं सगळ्यांना खुलं ठेवा. काढून टाकणं दोघांच्याच हाती द्या. मध्यवर्ती ग्रंथालयातही वाचक पुस्तक हातात घेतो, घरी नेतो, पण पुस्तक निर्लेखित करायचं, म्हणजे यादीतून कायमचं काढायचं, की नाही हे वाचक ठरवत नाही.

फोटोंचा प्रश्न वेगळा आहे, ते गुगल ड्राइव्हवर आहेत. याबद्दल सभेत कोणी बोललंच नाही, पण मला रात्रीची झोप लागत नाही ती याच्यामुळे. ते फोल्डर आपल्या माजी कार्यवाहांनी स्वतःच्या वैयक्तिक खात्यातून सुरू केलं होतं. ते आता हयात नाहीत. गुगलचा नियम असा आहे की दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं ते मजकुरासकट काढून टाकू शकतात. डिसेंबर २०२३ पासून तो अमलात आहे. त्या खात्यात कोणी शेवटचं कधी शिरलं हे आपल्याला सांगता येत नाही. त्यांच्या घरच्यांशी बोलून, त्यांच्या संमतीने, सगळे फोटो उतरवून घेणं हे या पत्रातलं सर्वांत तातडीचं काम आहे. परमिशन आठवडाभर थांबली तरी चालेल, हे थांबू नये.

शिवाय त्या फोल्डरची लिंक ज्याच्याकडे आहे तो ‘एडिटर’ आहे. एडिटर म्हणजे फोल्डरमधून वस्तू बाहेर काढू शकणारा माणूस. लिंक कितव्या गटात फिरली आहे कोण जाणे. ती आजच ‘व्ह्यूअर’ करावी. आणखी एक, ज्याचा अनुभव आपण घेतला आहे पण कारण ओळखलं नव्हतं. वैयक्तिक ड्राइव्हच्या शेअर्ड फोल्डरमध्ये जो फोटो टाकतो तोच त्या फोटोचा मालक राहतो आणि जागा त्याच्या पंधरा जीबीतून जाते. खातं भरलं की तो बिचारा जुनं काढून जागा करतो, आणि फोटो आपल्या सगळ्यांच्या फोल्डरमधून नाहीसा होतो. कोजागरीचे फोटो असेच गेले असावेत असा माझा अंदाज आहे. ट्रॅशमध्ये फाइल तीस दिवस राहते, त्यानंतर नाही. गुगल नोंदणीकृत सेवाभावी संस्थांसाठी वेगळी योजना चालवतं. आपण त्यात बसलो तर ‘शेअर्ड ड्राइव्ह’ मिळेल, जिथे मालकी कोणा एका माणसाची नसून संस्थेची असते. तिथे ‘काँट्रिब्यूटर’ नावाची पायरी आहे. काँट्रिब्यूटर भर घालू शकतो, दुरुस्ती करू शकतो, पण हलवू किंवा उडवू शकत नाही. आपल्या कार्यकर्त्यांना लागतं ते नेमकं एवढंच.

परमिशन लावली म्हणजे सगळं सुखरूप झालं असं मात्र मानू नका. डिस्क बंद पडते, व्हायरस येतो, पाणी येतं. परमिशन माणसाच्या चुकलेल्या हाताला अडवते, पाण्याला नाही. आपल्या विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. ती कशी निघाली? देशभरातल्या वेगवेगळ्या लिप्यांतल्या हस्तलिखितांच्या प्रती ताडून. कोणा एका ठिकाणी एकच प्रत ठेवली असती तर ताडायला दुसरी उरली नसती. आपल्या दप्तराची एक प्रत या इमारतीबाहेर, पहिल्या मजल्यापेक्षा वर, कोणातरी सभासदाच्या घरी असावी आणि ती महिन्यातून एकदा ताजी व्हावी. गुगल ड्राइव्हचं सिंक, म्हणजे दोन ठिकाणच्या फाइल्स आपोआप सारख्या ठेवणं, म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडे उडवलं की सिंक ते दुसरीकडेही इमानाने उडवतं.

माझ्या मागण्या येत्या बैठकीत ठरावाच्या रूपाने घ्याव्यात ही विनंती. माजी कार्यवाहांच्या खात्यातले फोटो या आठवड्यात उतरवावेत. आवक, काम आणि दप्तर अशी विभागणी मंजूर व्हावी. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन मिळावं. नवीन हक्क लावल्यावर लगेच निर्धास्त होऊ नये. एक नकली फोल्डर करून त्यात चार निरुपयोगी फाइल्स टाकाव्यात आणि प्रत्येकाने आपापल्या लॉगिनने, लॅपटॉपवरून आणि प्रत्यक्ष संगणकासमोर बसूनही, त्या उडवून पाहाव्यात. उडाली तर हक्क चुकलेत. कारखान्यात आम्ही प्रत्येक बदलानंतर असंच करायचो. मी स्वतः दोन रविवार पूर्ण देईन.

दोन दप्तरदारांपैकी एक ज्येष्ठ सभासद असावा, कागद ओळखणारा. दुसरी ती मुलगी असावी. हे मी तिची समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. स्कॅनच्या फाइल्सना वर्ष, महिना, सभेचा प्रकार अशी नावं देण्याची पद्धत तिने बसवली, पेन ड्राइव्हवरून आलेली पानं कोणत्या वहीची हे तिनेच ओळखलं, आणि त्या दप्तरात काय आहे आणि आता काय नाही हे तिच्याइतकं नेमकं कोणालाच ठाऊक नाही. सभेत जे बोललं गेलं त्याबद्दल कार्यकारिणीच्या वतीने कोणीतरी तिच्या घरी जाऊन यावं. फोनवर नको. अध्यक्ष गेले तर तिच्या आईवडिलांनाही बरं वाटेल. मी बरोबर यायला तयार आहे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी दप्तराच्या खोलीत असेन. चावी कोणाकडे आहे तेवढं कळवावं.

आपला,
एक आजीव सभासद
दांडिया बाजार, बडोदे